लाइन क्लिअर

मुलानं पाठवलेलं खोकं उघडलं तेव्हा
चार पंख, एक डोळा, वजन सहाशे ग्रॅम.
पुस्तिकेत उडवायचं कसं याची बत्तीस पानं,
कुठे उडवायचं नाही याचा अर्धा परिच्छेद.
मी तो अर्धा आधी वाचला.
छत्तीस वर्षं पानं अशीच वाचत आलोय,
तळटिपेकडून वर.

समोरचा ध्रुमिल गच्चीत हजर.
"काका, उडवा ने आता! विचारतंय कोण?
उत्तरायणात अख्खं बडोदं आभाळात चढतं,
कुणी हरणीला फोन करून पतंग सोडला का?"
विजेच्या तारांवर अजून लोंबतायत
त्या दिवसाचे कागद,
आणि मांज्यात गुरफटलेली पांढरी पिसं.
मी तिकडे बोट केलं.
तो गप्प बसला नाही, पण बसला.

नकाशात विमानतळाभोवती
कर्कटकानं काढल्यासारखी वर्तुळं:
आत लाल, मग पिवळं, मग हिरवं.
आडवा पडलेला सिग्नल.
माझं घर पिवळ्यात.
पिवळा म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.
पिवळा म्हणजे थांब नव्हे.
पिवळा म्हणजे
पुढे कुणीतरी आहे असं धरून चाल.

नाव, पत्ता, यंत्राचा क्रमांक,
किती मीटर, किती वाजता, कशासाठी.
'कशासाठी'पाशी बोट अडलं.
काय लिहू? की वसाहतीच्या मागे
जिथे आता भाजीवाले बसतात
तिथून आमची छोटी गाडी जायची,
रूळ उचलून नेले, पण म्हणतात,
वरून पाहिलं तर गवताचा रंग वेगळा दिसतो?
लिहिलं: छायाचित्रण. वैयक्तिक.

वडसाळा स्टेशन. दोन खोल्या, एक कडुनिंब,
आणि लाल रंगाचं ते टोकन-यंत्र.
पलीकडचा परीख घंटी देई, मी घंटी देई,
तो हो म्हणाला की खणकन गोळा खाली पडे.
गोळा हातात आल्याशिवाय इंजिन हलायचं नाही.
एकदा सत्तावीस मिनिटं तिकडून उत्तरच नाही.
गाडीत वऱ्हाड. मुहूर्त टळत चाललेला.
नवरदेव मुंडावळ्यांसकट खाली उतरला
आणि माझी कॉलर धरली.
नंतर कळलं, मधे रुळावर ट्रॉली होती,
ढकलणारे चार गँगमन.
त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत.

दोन दिवस मनोऱ्याकडून काही नाही.
संध्याकाळचं दिल्लीचं विमान
पोटाखालचे दिवे लावून गच्चीवरून उतरत गेलं.
खिडकीतल्या एकालाही पत्ता नसेल
की खाली पलंगावर
एक खोकं त्याच्यासाठी बंद आहे.

तिसऱ्या दिवशी आलं. गुरुवार,
सकाळी सात दहा ते सात तीस, चाळीस मीटर.
त्याच्या वर नाही.

मोहोळ उठल्यासारखा आवाज. गच्ची लहान होत गेली,
मी आणि ध्रुमिल, दोन टकलं
(त्याचं मुंजीचं, माझं कायमचं).
पडद्यावर टाक्या, पत्रे, बाजार.
गवत नव्हतंच कुठे. सगळ्या फरश्या.
पण ताडपत्र्यांची रांग
मधेच उगाच डावीकडे वळत होती,
हळू, लांबलचक,
नेमकी आमची गाडी वळायची तशी.

सात सव्वीसला उतरवलं.
पंख थांबले, मागचा तांबडा दिवा लुकलुकत राहिला.
शेवटच्या डब्याचा दिवा पाहिल्याशिवाय
गाडी आली असं म्हणायचं नसतं.
मी वाकून पाहिला.
मग कागदावरचा नंबर लावला:
"खानविलकर बोलतोय, पिवळ्यातून.
पूर्ण आली. सेक्शन मोकळा."

तिकडे क्षणभर काहीच नाही.
मग एक तरणा आवाज, हसू दाबत:
"किती वाजता म्हणालात?"